आप्पांचा फिल्टर

आमच्या घरमालकांना दोन गोष्टींचा मनापासून तिटकारा होता. एक उकळलेलं पाणी आणि दुसरा शिकलेला माणूस. मी बी.एस्सी. झालेला, आणि आमच्या घरी पाणी उकळून प्यायची पद्धत. त्यामुळे सणसवाडीला त्यांच्या चाळीत काढलेल्या सगळ्या वर्षांत मी त्यांच्या डोळ्यांत दुहेरी सलत होतो. तरी त्यांनी मला खोली दिली, कारण मी एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला होतो, आणि कंपनी म्हटलं की आप्पांचे हात आपोआप जोडले जायचे.

त्यांना सगळे आप्पाच म्हणत. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने उभे राहत होते आणि बिहारपासून बीडपर्यंतची माणसं हातात पत्र्याची पेटी घेऊन खोली शोधत फिरत होती. आप्पांनी त्यांच्यासाठी दोन ओळींत खोल्या बांधल्या होत्या. वर पत्रे, समोर एक मोरी, मागं विहीर. भाडेकरूंची नावं ते लक्षात ठेवत नसत. "ए गिअरवाले," "ए टायरवाले," अशा हाका मारत. मला ते "लॅबवाले" म्हणत, आणि त्या शब्दात आदर किती आणि कुचेष्टा किती हे त्या दिवशी मी पाणी उकळलं होतं की नाही यावर ठरायचं.

"उकळल्यालं पानी म्येल्यालं पानी," ते सांगत. "मुडद्याला घालत्यात का कधी आंगुळ ऊन पान्यानं? घालत्यात. का? म्येल्याला म्येल्यालं."

या वाक्यात काय सिद्ध झालं ते मला कधीच कळलं नाही. पण ते ऐकताना ओसरीवरचे दोघंतिघं मान हलवत, आणि आप्पांना तेवढं पुरत असे.

त्यांचं घराणं मेंढरांमागं फिरलेलं. वडील दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडं उतरायचे. आप्पा स्वतः लहानपणी एक-दोनदा गेले असतील, पण सांगताना अर्धा सह्याद्री त्यांनी अनवाणी पालथा घातल्यासारखं सांगत. त्या अनुभवामुळे आपल्याला पाण्यातलं कळतं अशी त्यांची ठाम समजूत होती. सकाळी उठून ते विहिरीचं पाणी तांब्यात घेत, सूर्याकडं धरत, एक चूळ भरत आणि भिंतीवर थुंकून निकाल देत. "आज पानी जड हाय." किंवा, "आज पानी हसतंय." मग तो निकाल चाळभर फिरून ऐकवत.

ते पाणी हसत असेल तर ते आप्पांच्या फिल्टरला हसत असणार.

फिल्टर हा त्यांच्या आयुष्याचा अभिमान होता. कारखाने आल्यापासून विहिरीच्या पाण्याला एक तेलकट चव आली होती, हे खरं. त्यावर दुसऱ्या कुणी नगरपालिकेच्या पद्धतीनं काही केलं असतं, नाहीतर गप्प बसलं असतं. आप्पांनी चार निळी पिंपं आणली. ती कुठल्यातरी कंपनीच्या भंगारातली होती. त्यांच्यावर कवटीचं आणि दोन हाडांचं चित्र होतं. त्या चित्रावर आप्पांनी चुना फासला आणि त्या चुन्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. पहिल्या पिंपात खडी आणि वाळू. दुसऱ्यात लोणारी कोळसा. इथपर्यंत सगळं शास्त्राला धरून होतं, आणि इथं ते थांबले असते तर मी आज त्यांच्याविषयी चांगलं बोललो असतो. पण तिसऱ्या पिंपात त्यांनी गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या कारखान्यातले फोमचे तुकडे भरले, आणि चौथ्यात एका मोल्डिंगवाल्याकडून झाडून आणलेला प्लास्टिकचा दाणा आणि भुगा. तोंडाला नायलॉनच्या जुन्या साड्यांच्या घड्या. तिथून पाणी टाकीत आणि टाकीतून खोल्यांच्या नळांना.

"मातीतनं गाळल्यालं पानी मातीचं," ते म्हणत. "कंपनीच्या मालातनं गाळल्यालं पानी कंपनीचं. साधं गणित हाय."

पाणी तपासायला त्यांनी एक मेंढी ठेवली होती. टाकीपाशी खुंटीला बांधलेली असायची. रोज सकाळी फिल्टरचं पाणी आधी तिच्यापुढं ठेवत. ती प्यायली की पाणी पास. "ही आमची लॅब," असं ते माझ्याकडं बघून म्हणत. ती मेंढी बायकांच्या धुण्याचं निळीचं पाणीसुद्धा चाटूनपुसून पीत असे, त्यामुळे तिच्या मताला मी फारशी किंमत देत नव्हतो. पण एकदा एका उन्हाळ्यात तिनं फिल्टरच्या पाण्याला तोंड लावायचं नाकारलं. सलग तीन सकाळी. आम्हाला वाटलं, आता तरी आप्पा पिंपं उपसून धुतील. आप्पांनी जनावरांचा डॉक्टर बोलावला. डॉक्टरला काही सापडलं नाही, तेव्हा त्यांनी ती मेंढी विकली आणि दुसरी आणून बांधली. नवी मेंढी प्यायली. पाणी पुन्हा पास झालं.

आमच्या घरात पहिल्यांदा शंका आली ती माझ्या बायकोला. तिनं नळाला पांढरं फडकं बांधलं होतं. आठवड्यानं सोडलं तर आतल्या अंगाला रंगीत ठिपके. निळे, भगवे, थोडे हिरवे, जणू कुणी रांगोळीचे रंग चिमटीनं सोडलेत. मधूनमधून केसापेक्षा बारीक, चकाकणारे तंतू. तिनं ते फडकं माझ्यापुढं धरलं.

आज याला सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात, त्यावर भाषणं होतात. तेव्हा असा शब्द निदान आमच्या लॅबपर्यंत तरी आला नव्हता. आम्ही नुसतं "चुरा" म्हणायचो. मी ते पाणी कंपनीत नेलं, गाळणकागदावर गाळलं, भिंगाखाली पाहिलं. कागदावर दिसत होतं ते वाळूचे कण नव्हते, कोळसा नव्हता, शेवाळ नव्हतं. मग मी घरीच एक सोपी खटपट केली. काचेच्या बरणीत पाणी घेऊन विरघळेनासं होईपर्यंत मीठ घातलं आणि त्या पाण्यात फडक्यावरचा ऐवज झटकला. खारं पाणी जड असतं. वाळू, माती खाली बसली. रंगीत चुरा आणि तंतू हळूहळू वर आले आणि तरंगत राहिले. त्यातले चार कण बाहेर काढले आणि शिवणाची सुई चुलीवर तापवून त्यांना लावली. कण वळले, आक्रसले आणि प्लास्टिक जळल्याचा तो ओळखीचा वास सुटला.

मी आप्पांना बोलावलं. ते आले, खुर्चीत बसले, बरणीकडं पाहिलं. मी सगळं पुन्हा करून दाखवलं, सुईसकट.

"हे काय आहे, आप्पा?"

"चुरा."

"कशाचा?"

"कंपनीचा." आवाजात किंचित अभिमानच होता.

"प्लास्टिक आहे. तुमच्या शेवटच्या दोन पिंपांतून येतंय. फोम झिजतोय, साड्यांचे तंतू सुटतायत. माणसांच्या पोटात जातंय हे."

आप्पांनी बरणी उचलून हलवली. चुरा गरगर फिरला. "लॅबवाले, घान कशाला म्हनत्यात? कुजतं त्याला. शेन कुजतं, पाला कुजतो, मानूस कुजतो. प्लास्टिक कुजतं का?"

"नाही."

"मग त्याची घान कशी व्हईल? ह्याच्यावानी सोच्छ वस्तू दुनियेत न्हाई. आन् दिसतंय न्हवं डोळ्याला? दिसतंय त्ये बाधत न्हाई. बाधतं त्ये न दिसनारं. तुमच्याच बुकात लिवलंय."

पुस्तकात होतं, जंतूंच्या धड्यात. आप्पांनी ते कुणाकडून तरी अर्धं ऐकलं होतं, आणि अर्धं ऐकलेल्या माणसासारखा पक्का माणूस दुसरा नसतो. मी त्यांना शेवटची दोन पिंपं काढून टाकायची विनंती केली. त्यांनी उठून बरणीतलं पाणी मोरीत ओतलं, बरणी विसळली, तीसुद्धा फिल्टरच्याच पाण्यानं, आणि जाताना माझ्या बायकोला सांगितलं, "वयनी, मीठ लई वाया घालवत्यात ह्ये."

त्या दिवसापासून मी कंपनीच्या कॅन्टीनमधून स्टीलच्या कळशीत पाणी आणू लागलो. आप्पा दारात उभं राहून ती कळशी येताना बघत आणि मोठ्यानं म्हणत, "काय लोक हाईत. घरात गंगा, आन् घागर घिऊन बाजारात." बाकीच्या खोल्यांना अशी सोय नव्हती. टायरवाले, गिअरवाले, शेवटच्या खोलीतलं दरभंग्याकडचं एक कुटुंब, त्यातली तान्ह्या मुलीची आई, सगळे तेच पीत राहिले. मी त्यांना सांगितलं नाही असं नाही. त्या बाईनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो कहाँ से लाएँ, भैया?" मी तिला फडकं दुहेरी बांधायला सांगितलं. दुहेरी फडक्यानं मोठा चुरा अडतो. बारकं जातंच.

इथपर्यंत हे एका चाळीतलं प्रकरण होतं. ते बाहेर गेलं ते त्यांच्या बहिणीमुळं.

आप्पांचं मूळ रान दौंड तालुक्यात, भांडगावच्या शिवारात, सोलापूर हायवेला लागून. त्यांना एक थोरली बहीण, आक्का. तिला त्याच शिवारात दिलेली. मधे एक ओढा. वरच्या अंगाला माहेरचं रान, खालच्या अंगाला सासरचं. वडील गेल्यावर आक्कानं बहिणी सोडतात तसा माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडला आणि अंगठा दिला. आप्पा तिला दर भाऊबीजेला साडी नेत. पुढं ते सणसवाडीला आले आणि ते वरचं रान त्यांनी एका शेठला भाड्यानं दिलं. शेठ तिथं प्लास्टिकचं भंगार आणायचा. सिमेंटच्या पिशव्या, खताच्या गोण्या, फुटकी पिंपं, रस्त्यावरच्या कॅरीबॅगा. ते सगळं यंत्रात दळून, हौदात धुऊन, वाळवून पुढं विकायचं. धुतलेलं पाणी चर काढून ओढ्यात सोडलेलं. ओढ्याच्या काठावर आक्काची विहीर.

त्या साली आक्कानं एकरभर शेवंती लावली होती. पहिल्यांदाच ठिबक केलं होतं. तिचा मुलगा पाटसच्या साखर कारखान्यात रोजंदारीवर कामाला. रान बघायला आक्का आणि तिची सून. पाऊस ओढ घेऊन बसला होता, आणि ठिबकच्या पाइपांवर जी बटणासारखी तोंडं असतात, ज्यांतून थेंब थेंब पाणी झाडाच्या बुडाशी पडतं, ती एकेक करून बंद पडत होती.

निरोप आला तेव्हा आप्पा मला म्हणाले, "चला, लॅबवाले. आक्काला वाटतं पानी बिघडलं. तुमी फकस्त येऊन मान हलवायची."

त्यांच्या जुन्या मोपेडवर मागं बसून मी तळेगाव, न्हावरा, चौफुला करत गेलो. वाटेत त्यांनी मला मान कशी हलवायची तेही दोनदा सांगितलं.

आक्का विहिरीपाशीच उभ्या होत्या. उंच, काटक, कपाळावर ठसठशीत गोंदण. भाऊ दिसताच त्यांनी पदराखालून ठिबकच्या फिल्टरची जाळी काढली. नळकांड्यासारखी ती बारीक जाळी बाहेरून रंगीत लगद्यानं लिंपलेली होती.

"रोज दोनदा धुती मी ही," त्या म्हणाल्या. "सकाळी धुवावी तर दुपारी ही अशी. आरं, तुझा शेठ वर काय दळतुया?"

"प्लास्टिक."

"मग त्ये माझ्या हिरीत का?"

"त्याला पाय हाईत का? येत आसंल पान्यासंगं."

आक्का माझ्याकडं वळल्या. "लॅबातलं भाऊ तुमीच न्हवं? तुमी सांगा."

मी मान हलवली नाही. सुनेकडून मीठ मागून घेतलं आणि एका पेल्यात पुन्हा तेच केलं. वर आलेला चुरा पाहून आक्कांनी त्यात बोट घातलं, बोट उन्हात धरलं आणि विचारलं, "हे आमी पितूय?"

"हो. गाळून प्यायलात तरी बारीक जात असणार. पण खरा उपाय वर आहे. धुतलेलं पाणी ओढ्यात सोडणं बंद करायला हवं. शेठला हौद बांधून ते तिथंच निवळून घेता येईल."

आप्पांचा चेहरा एवढासा झाला होता, पण क्षणभरच. शेठला काही बोलणं म्हणजे कंपनीला बोलणं. ते पुढं झाले आणि म्हणाले, "शेठला काय सांगायचं कारन न्हाई. मी हाय न्हवं? आक्का, तुझ्या हिरीवर फिल्टर बांधतो."

आणि त्यांनी बांधला. सणसवाडीहून टेम्पोत घालून पिंपं नेली, या खेपेला मोठी. फोम नेला, भुगा नेला, साड्या नेल्या. मी मोरीपाशी उभा राहून सांगत होतो की आप्पा, निदान वाळूच्या पुढं जाऊ नका, आणि ठिबकची जाळी काढू नका. ते टेम्पोवाल्याला सांगत होते, "सावकास. कंपनीचा माल हाय." उद्‌घाटनाला नारळ फोडला. प्रमुख पाहुणा म्हणून वरच्या शेठला बोलावलं होतं. ज्याच्या चुऱ्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच्याच गळ्यात आक्काच्या शेवंतीचा हार घातला. मी हे ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. शेठनं दोन शब्द बोलताना आप्पांच्या पर्यावरणाविषयीच्या कळकळीचं कौतुक केलं. मग आप्पांनी ठिबकची जाळी काढून बांधावर फेकली. "आता हिचं काम न्हाई." पिंपांतून पाणी आलं. दिसायला स्वच्छ होतं. आप्पांनी पहिली ओंजळ शेठला दिली. शेठ म्हणाला की त्याचा उपास आहे.

पंधरवड्यात शेवंतीच्या ओळींची टोकं माना टाकू लागली. मग ओळींचे मध्य. पाइपांचं तोंड उघडून पाणी सोडलं तर आधी फुस्स झालं आणि मग फोमचा भुसा, साड्यांचे तंतू आणि त्यांत अडकलेला शेठचा चुरा असा एक रंगीबेरंगी बोळा बाहेर आला. जाळी होती तोवर निदान मोठं अडत होतं. आता वरचं आणि आप्पांचं, दोन्ही मिळून पाइपांत जाऊन बसलं होतं.

आप्पांनी भांडगावला जाऊन निदान केलं, "ठिबकवाल्यानं फसवलं. डुप्लिकेट माल."

पण ते परत आले नाहीत. चाळीत दोन दिवस पाण्याचा निकाल ऐकू आला नाही, तेव्हा सुट्टीच्या दिवशी मी भांडगावला गेलो. आप्पा रानात पोत्यावर बसले होते. हातात सुई. एकेक तोंड पाइपावरून उपटायचं, सुईनं टोकरायचं, ओठाला लावून फुंकायचं आणि पुन्हा बसवायचं. ओठांवर निळा-भगवा चुरा चिकटलेला. अंगठ्याचं टोक सुजलेलं. आजूबाजूला एकरभर पाइप पसरलेले, आणि ते एका ओळीच्या निम्म्यातही पोचले नव्हते. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. कारण मला पाहताच ते म्हणाले, "बघा लॅबवाले, कसला हलका माल इकत्यात लोकं. भोकंच बारीक ठेवत्यात."

आक्का बांधावर उभ्या होत्या. त्यांनी सुनेला हाक मारून भावाला भाकरी द्यायला सांगितली. मग शांतपणे म्हणाल्या, "ऊठ आता. झाडं गेली. म्येल्याला पानी पाजून काय व्हतंय."

"दोन दिसांत समदी मोकळी करतो, आक्का."

"आन् परत दोन दिसांत?" त्या खाली बसल्या, भावाच्या समोर. "आरं, मी जमिनीवरचा हक्क सोडला तवा अंगठा दिला. पान्यावर अंगठा दिला न्हवता. शेठला सांग, न्हाईतर मी सांगते."

आप्पा सुई टोकरत राहिले.

आक्कांनी सांगितलं. शेठ हसला. मग त्या तक्रार द्यायला एका सरकारी कचेरीत गेल्या. माझ्याकडून शिकलेलं मिठाचं पाणी त्यांनी तिथल्या टेबलावर पेल्यात करून दाखवलं. तिथल्या माणसानं लक्ष देऊन पाहिलं आणि विचारलं, पाण्याला वास येतो का? नाही. कुणी आजारी पडलं? अजून नाही. मासे मेले? नाही. "मग मावशी, तक्रार कशाची लिहू?" तरंगणाऱ्या चुऱ्याचा रकाना त्यांच्याकडं नव्हता. आक्का पेला घेऊन परत आल्या. पेला घरचा होता.

तेव्हा त्यांनी आणि सुनेनं मिळून गोण्यांत माती भरली आणि शेठचा चर ओढ्याला मिळतो तिथं बांध घातला. धुण्याचं पाणी मागं तुंबलं, हौद भरला, आवारात पसरलं. शेठचं यंत्र बंद पडलं. दोन बायकांनी जे एका सकाळीत केलं ते आप्पांच्या सगळ्या पिंपांना जमलं नव्हतं. ओढा काही दिवस निव्वळ झऱ्याच्या पाण्यानं वाहिला. आक्कांनी मला नंतर सांगितलं, त्या दिवसांत घागरीच्या तळाला काही दिसत नव्हतं.

शेठनं किराणा दुकानाच्या फोनवर सणसवाडीला निरोप दिला. पुढचं मला खुद्द आप्पांनी सांगितलं, ओसरीवर बसून, चार माणसांत, छाती पुढं काढून. ते गेले. फावडं घेतलं. बहीण समोर उभी असताना बांध फोडला.

"भाडेकरू हाय त्यो माझा," ते आम्हाला म्हणाले. "भाडेकरूचं पानी तोडायचं? आमच्या सात पिढ्यांत कुनी केलं न्हाई."

"आणि बहिणीचं?" माझ्या बायकोनं विचारलं. ती ओसरीवरच्या बोलण्यात कधी पडत नसे.

आप्पांना प्रश्नच कळला नाही. "तिचं कुठं तोडलं? तिला तर चालू केलं."

त्या वर्षी भाऊबीजेला ते साडी घेऊन गेले आणि साडीसकट परत आले. आक्कांनी पाट मांडला नव्हता. चाळीत त्यांनी सांगितलं की आक्काला बरं नव्हतं. ती साडी त्यांनी माझ्या बायकोला देऊ केली. तिनं हात मागं घेतले आणि आत निघून गेली. पुढच्या महिन्यात आम्ही खोली सोडली. निघताना आप्पा विहिरीपाशी होते. पिंपांत नवा फोम भरत होते. मी येतो म्हणालो, तर त्यांनी मागं न बघता विचारलं, "जिथं जाताय तिथं फिल्टर हाय का?"

मी पुण्याला दुसरी नोकरी धरली. पुढं बऱ्याच वर्षांनी सोलापूरला जाताना मधेच मनात आलं आणि भांडगावला एसटीतून उतरलो. वरच्या रानात शेठचं आवार वाढलं होतं. भंगाराचा ढीग हायवेवरून दिसत होता. खाली शेवंती नव्हती. ज्वारी होती, थोडं गवत होतं, दोन म्हशी होत्या. नांगरटीच्या ढेकळांत रंगीत ठिपके होते, उन्हात चमकत. ते आता कोण वेचणार.

आक्का थकल्या होत्या, पण ओळखलं. आत बोलावलं, घोंगडी टाकली. मुलगा कारखान्यात कायम झाला होता. विहीर तीच होती. दुसरी घेऊन पाहिली, पाणी लागलं नाही. तिसरी घ्यायची ताकद नव्हती.

"आप्पा येतात का?" मी विचारलं.

"येतो की. दर भाऊबीजेला येतो. आता ववाळती मी. म्हातारा झाला, त्याच्यावर किती दीस रुसायचं?"

"त्या पाण्याचं काही बोलतात?"

"न्हाई. फिल्टर बेस झाला व्हता म्हनतो. ठिबकवाल्यानं घात केला म्हनतो." त्यांनी तांब्यावरचं फडकं काढलं, पाणी पेल्यात ओतलं, पेला उजेडाकडं धरून पाहिला आणि माझ्यापुढं ठेवला. "बसतो, जेवतो पोटभर. पानी तेवढं माझ्या घरचं पीत न्हाई."

"का?"

"मी इचारलं एकदा. तर म्हनतो, सवय मोडली आक्का, ह्ये पानी सोसत न्हाई. ह्याच ओढ्याचं पिऊन वाढला त्यो. आता हायवेवरच्या हाटेलातनं बंद बाटली आनतो. ताटाशेजारी ठेवतो. माझा तांब्या तसाच ऱ्हातो." त्यांनी तांब्यावर फडकं पुन्हा टाकलं. "त्याला समदं कळतंय, भाऊ. कळतंय म्हनूनच बाटली आनतो. आमी पितूय त्ये बघतो, आन् बाटली तोंडाला लावतो."

मी पेला उचलला आणि पाणी प्यायलो. चव काही वेगळी नव्हती. तीच तर अडचण होती.

"आन् जाताना ती रिकामी बाटली न्हेतो," आक्का म्हणाल्या. "वर थांबतो आन् शेठच्या ढिगावर टाकतो. म्हनतो, वाया कशाला घालवायची."